चारपर्यंत मोज

७ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी बस. बसलीस? मी कॉलेज सोडलं.

बाबांनी तुला सांगितलं असेलच, आणि मी फोन आपटला हेही त्यात आलं असेल. आपटला, कबूल. पण त्याआधी ते काय म्हणाले ते सांगितलं का त्यांनी? "दारूच ओतायची होती तर इंजिनिअरिंगची तीन वर्षं कशाला घालवलीस, तीन दिवस पुरले असते." सांगितलं नाही ना? वाटलंच.

तू म्हणालीस फोन करू नकोस, फोनवर तू भडकतोस आणि मी रडते, त्यापेक्षा पत्र लिही. म्हणून लिहितोय. मी बारटेंडर होणार आहे. आमच्या कोपऱ्यावर एक लहानसा बार आहे. त्याच्या मालकाला सगळे वस्ताद म्हणतात. परवा एक माणूस दार ढकलून आत आला, चेहरा असा की आता कुणाचा तरी जीव घेणार. वस्तादांनी त्याला काही विचारलंच नाही. त्याच्यासमोरचा काउंटर कोरड्या फडक्याने सावकाश पुसला, ग्लास ठेवला, आणि मग वर बघितलं. अजून एक थेंब ओतला नव्हता, पण त्या माणसाचे खांदे खाली आले. कॉलेजात तीन वर्षांत कुणाचे खांदे खाली आलेले मी पाहिले नाहीत. मला हे काम यायला हवं, बस्स.

सध्या मी तिथे ग्लास धुतो. माझ्या शेजारी आणखी एक जण धुते. तिने बारटेंडिंगचा सहा महिन्यांचा रीतसर कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे, आणि सर्टिफिकेट घेऊन गावभर फिरली तर जो तो विचारतो, अनुभव आहे का? म्हणजे बघ, कोर्स करून ती ग्लासच धुतेय, आणि न करता मीही ग्लासच धुतोय. मग मी सहा महिने वाचवले की नाही? हे बाबांना सांग.

वस्तादांचं मनगट आता दुखतं. वसंत लागला की आमच्यापैकी एकाला ते काउंटरच्या आत घेणार आहेत. एकालाच. ती जागा मला हवी आहे. कॉलेज सोडून आलोय, ही नाही मिळाली तर मी कुठलाच नाही.

आणि हो, या सगळ्याचा कुठल्याही मुलीशी काहीही संबंध नाही.

तुझा,
माचिस


१५ जानेवारी

प्रिय माचिस,

बसले होते, बरं झालं. औषधाच्या खिडकीमागे बसूनच तुझं पत्र वाचलं. समोर रांग होती आणि मी हसत होते. लोकांना वाटलं असेल, आज बाईंनी स्वतःच काहीतरी घेतलंय.

जिच्याशी काहीही संबंध नाही ती मुलगी कशी आहे?

तुझा बाप बोलला ते चूक बोलला. तू आपटलास तेही चूक. हिशेब फिटला. यापुढे मला मध्ये घालून एकमेकांना निरोप पाठवू नका, मी पोस्टमन नाही.

आता तुझा सहा महिने वाचवल्याचा मुद्दा. माचिस, मीही जन्मभर बाटल्याच हाताळल्या, फक्त माझ्या गिऱ्हाइकांना चव आवडत नाही एवढंच. आम्हाला शिकताना वर्षभर रंगीत पाणी मोजायला लावलं होतं. लाल पाणी, हिरवं पाणी, या बाटलीतून त्या बाटलीत. मी रोज चिडायची. मग नोकरीचा पहिला दिवस आला. खिडकीपुढे ही गर्दी, कुणी खोकतंय, कुणी भांडतंय, एक बाई कडेवरचं तापलेलं पोर घेऊन रडतेय. माझं डोकं तिथून पळून गेलं. खरंच पळून गेलं, मला त्या सकाळचं काही आठवत नाही. पण हात जागेवर राहिले. औषध बरोबर गेलं.

शिकणं म्हणशील तर एवढंच. शाळा म्हणजे जिथे तुझ्या चुका कुणी पीत नाही.

पण हेही खरं की त्या रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं ते मला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं. ते तुझे वस्ताद फडक्याने शिकवतायत. तेव्हा डोळे उघडे ठेव. आणि त्या मुलीला म्हण, मला मोजायला शिकव.

राग आला की चारपर्यंत मोजत जा. दहापर्यंत सांगितलं असतं, पण तुला ओळखते.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला कसं कळलं चारचं?

इथे सगळं चारवरच चालतं! बाटलीच्या तोंडाला एक धातूची चोच बसवतात. बाटली उलटी केली की धार एकसारखी पडते. मनात एक, दोन, तीन, चार मोजायचं आणि मनगट उलटं फिरवून धार तोडायची. झालं एक माप. वस्ताद मापाचा पेला वापरतच नाहीत. म्हणतात, "गिऱ्हाइकापुढे पेला धरला की त्याला वाटतं आपण कंजूष. आणि अंदाजाने ओतलं तर मी भिकारी. मधला रस्ता मनगटात आहे."

तर ऐक, मी नापास आहे. वस्तादांनी पाणी भरलेली बाटली दिली, मी ओतलं, त्यांनी मोजलं, कमी. पुन्हा ओतलं, आणखी कमी. म्हणाले, "इंजिनिअर, तुझे आकडे तुझ्या नाडीवर पळतात. चिडलास की चार लवकर येतो." (इथे मला सगळे इंजिनिअर म्हणतात. जो झालो नाही तेच नाव पडलंय.) मी म्हटलं, मी चिडलेलो नाही. ते म्हणाले, "मग समोर कोण उभं होतं ते बघ."

समोर ती उभी होती.

बरं, सांगतो. तुझ्यापासून काय लपवायचं. मी तिला मोजपट्टी म्हणतो. पहिल्या दिवशी चिडवायला म्हटलं, कारण तिचं सगळं मापात. केस मापात बांधलेले, फडक्याची घडी मापात, हसणंही मापात. कोर्समध्ये त्यांना ठेक्यावर ओतायला लावायचे, त्यामुळे तिची धार डोळे मिटूनही बरोबर पडते. पण आत्या, ती ओतताना बोलू शकत नाही! गिऱ्हाइकाने "आज उकडतंय नाही?" एवढं विचारलं तरी तिचं गणित बुडतं आणि ती त्याच्याकडे अशी बघते की बिचारा पैसे ठेवून निघून जाईल. मला बोलताना काही होत नाही, पण मला मोजता येत नाही.

म्हणून आम्ही ठरवलंय. दुपारी बार उघडायच्या आधी ती मला मोजायला शिकवते आणि मी गिऱ्हाईक होऊन तिच्याशी वाट्टेल ते बोलतो. काल मी गिऱ्हाईक होऊन म्हटलं, "बाई, माझ्या म्हशीला खोकला झालाय, काय देऊ?" ती तीनवर अडकली, बाटली खाली ठेवली आणि इतकी हसली की सिंकवर रेलली. मापाबाहेर हसली. मी अजून तिथेच आहे.

मोजायला मात्र अजून येत नाही. ती पुढ्यात असली की चार लवकर येतो आणि नसली की येतच नाही. काहीतरी औषध दे.

तुझा,
माचिस


१० फेब्रुवारी

प्रिय माचिस,

तुझ्या दुखण्यावर औषध नाही. असतं तर खिडकीपुढची रांग स्टेशनापर्यंत गेली असती.

सोबत पार्सल आहे, जपून उघड. गजराचं जुनं घड्याळ आहे, चावीचं. माझ्याकडे कपाटात पडून होतं. टिकटिक एवढी मोठी की शेजारी झोपवत नाही, म्हणून कुणी वापरत नव्हतं. सिंकजवळ ठेव आणि त्याच्या टिकटिकीवर ओत. तुझी नाडी पळेल, ते पळणार नाही.

म्हशीला गरम पाणी दे म्हणावं.

आत्या


६ मार्च

प्रिय आत्या,

घड्याळ सिंकच्या वरच्या फळीवर बसलंय. पहिल्या दिवशी वस्ताद म्हणाले, "हा कोण घण घालतोय?" आता त्यांनाही सवय झाली.

आणि आत्या, येतंय! एक टिक, दोन टिक, तीन, चार, तोड. आधी नुसतं ओतलं, मग बोलत ओतलं, मग ती समोर उभी असताना ओतलं. काल सलग सगळे ग्लास बरोबर. मोजपट्टीने ते मापात ओतून पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "इंजिनिअर, आता तू मला भारी पडणार." हे म्हणताना हसत होती, पण फडक्याची घडी वाकडी झाली. तिची घडी मी कधी वाकडी पाहिली नव्हती.

मग तिने सांगितलं. तिच्या घरी सगळ्यांना वाटतं की कोर्स म्हणजे थेर होते. ही जागा नाही मिळाली तर ती परत जाऊन काकाच्या दुकानात बसणार, तसं कबूल करून आलीय. सर्टिफिकेट तिने अजून फ्रेममध्ये घातलेलं नाही. म्हणाली, "भिंतीवर लावलं की लोक विचारतात, पुढे काय?"

परीक्षा बावीसला दुपारी. वस्ताद स्वतः गिऱ्हाईक होऊन स्टुलावर बसणार, मनाला येईल ते बोलणार, आणि आम्ही प्रत्येकी पाच ग्लास ओतायचे. मी काय करायचं ते ठरवलंय. तुला सांगणार नाही, तू मोडता घालशील.

जाता जाता एक. तू म्हणतेस घड्याळ तुझ्या कपाटातलं. आत्या, तुझ्या घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, तू मुद्दाम करतेस, त्याच्यामुळे मी लहानपणी रोज शाळेच्या अजून न उघडलेल्या फाटकासमोर उभा राहायचो. हे घड्याळ आल्यापासून एक सेकंद इकडचा तिकडे झालेला नाही. तुझ्या घरात असं घड्याळ जगणंच शक्य नाही. अख्ख्या गावात असं घड्याळ एकच माणूस लावतो आणि तो माझ्याशी बोलत नाही.

त्यांना काही सांगू नकोस. नुसतं सांग की चालतंय.

तुझा,
माचिस


१४ मार्च

माचिस,

तू जे काही ठरवलंयस ते करू नकोस.

काय ठरवलंयस ते मला माहीत नाही असं समजू नकोस. तुला मी वाढवलंय. शर्यतीत मित्राला ठेच लागली म्हणून तू थांबलास, आणि तो तुझ्यावर आठवडाभर रुसला होता. आठवतंय? तेव्हा तू विचारलं होतंस, मी तर चांगलं केलं, मग हा चिडला का? उत्तर तुला अजून मिळालेलं दिसत नाही.

घड्याळ चालतंय एवढंच सांगितलं. तुझा बाप घड्याळदुरुस्तीच्या दुकानातच होता. डोळ्याला भिंग लावून बसला होता, तो तसाच बसला. पण भिंगाखाली तेव्हा काहीच नव्हतं.

आत्या


२२ मार्च, संध्याकाळ

आत्या,

संपलं. सोडलं. उद्या सामान बांधतो आणि येतो.

मोजपट्टी आधी. पाचातले तीन ग्लास चोख, एक थोडा कमी, एक थोडा जास्त. वस्ताद त्यांच्या सासूबद्दल बोलत होते, कुणाचंही गणित बुडालं असतं. मग मी. मी प्रत्येक ग्लासाला चारऐवजी पाच मोजले. एवढंच. म्हटलं, माझं काय, मी आणखी कुठेतरी ग्लास धुवेन, ती काकाच्या दुकानात गेली तर मेलीच.

वस्तादांनी माझे ग्लास एकेक करून मापात ओतले. पहिला, जास्त. दुसरा, जास्त. पाचही जास्त. मी मान खाली घालून उभा. आणि मग त्यांनी पाचही ग्लासांतलं वर उरलेलं वेगवेगळ्या लहान पेल्यांत ओतून काउंटरवर ओळीत लावलं. पाच पेले. सगळ्यांत पाणी एका रेषेत. केसभराचा फरक नाही.

म्हणाले, "चुकणाऱ्याचा हात दर वेळी वेगळा चुकतो. हा हात चुकलेला नाही. हा खोटं बोललाय."

मी मोजपट्टीकडे पाहिलं. आत्या, मला वाटलं होतं ती रडेल, किंवा काहीतरी. ती म्हणाली, "मी तुला मोजायला हे करण्यासाठी शिकवलं? आजवर सगळ्यांनी मला 'नाही' म्हटलं, पण ते 'नाही' निदान खरं होतं. तू मला खोटं 'हो' दिलंस." आणि वस्तादांना म्हणाली, "ही जागा मला नको. पुन्हा घ्या परीक्षा, नाहीतर मी चालले."

मला वाटलं डोकं फुटेल. मी चारपर्यंत मोजलं नाही. "तुम्हा लोकांचं भलं करायलाच नको" असं ओरडलो, एप्रन काउंटरवर फेकला आणि दार आपटून आलो. एक पेला पडला. फुटला बहुतेक.

घड्याळ तिथेच राहिलं. बाबांना सांग, परत आणून देईन.

माचिस


२७ मार्च

प्रिय माचिस,

तू उद्या येतो म्हणालास, त्याला किती दिवस झाले ते मी मोजत नाही. खोली झाडून ठेवली होती. तू आला नाहीस याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा तू आल्याचा झाला नसता. रागावू नकोस.

तुझं पत्र तुझ्या बापाला वाचून दाखवलं. परवानगी विचारली नाही, माफ कर. पाच पेल्यांच्या जागी त्याने मला थांबवलं. म्हणाला, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "पाचही एकसारखे? केसभर फरक नाही?" मी म्हटलं, नाही. तो उठला, दुकानाचं शटर अर्धं खाली केलं, पुन्हा वर केलं आणि म्हणाला, "त्याला सांग घड्याळ परत आणू नकोस. जिथे आहे तिथे लागतंय."

माझं म्हणणं एवढंच की तू आधी फोन आपटलास, आता दार. आपटलेल्या दाराला बाहेरूनही कडी असते, उघडता येतं.

फुटलेला पेला मात्र तू भरून दे.

तुझी,
आत्या


३० एप्रिल

प्रिय आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. आधी लाज वाटत होती, मग वेळ नव्हता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नवा पेला घेऊन गेलो. वस्ताद काउंटर पुसत होते. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यासमोरची जागा कोरड्या फडक्याने सावकाश पुसली, ग्लास ठेवला आणि मग वर बघितलं. आत्या, माझे खांदे खाली आले. इतके दिवस मी ते दुसऱ्यांच्या अंगावर बघत होतो.

मोजपट्टी गेली नव्हती. सिंकपाशी पाठमोरी उभी होती, घड्याळाला चावी देत होती. म्हणाली, "उशीर केलास. मला रोज द्यावी लागली."

परीक्षा पुन्हा झाली. खरी. तिचा एकच ग्लास चुकला. शेवटच्या ग्लासाला तर वस्तादांच्या सासूला तिने गरम पाणी द्यायला सांगितलं आणि धार मापात तोडली. माझे तीन ग्लास चोख गेले. चौथ्याला वस्तादांनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस रे? झेपलं नाही?" झालं. माझा चार तिनातच संपला. पाचवाही त्याच रागात गेला. हरलो, आत्या, खरा हरलो. गंमत म्हणजे मोडलो नाही. उलट पहिल्यांदा काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं. ती काउंटरच्या आत गेली, मी सिंकपाशी.

दुसऱ्या दिवशी वस्ताद म्हणाले, "सकाळी तिच्या त्या शाळेत नाव घाल." मी विचारलं, कोर्स केला की काउंटर मिळेल? म्हणाले, "नाही. मिळत असतं तर ही कशाला माझे ग्लास धूत बसली असती?" मग कशाला करू? "काल मी तुला एक प्रश्न विचारला आणि तू दोन ग्लास चुकवलेस. इथे ते माझं नुकसान. तिकडे जाऊन चुकव."

ऐकलंस? तुझंच बोलले. मी तुझं पत्र त्यांना दाखवलं नव्हतं, शपथ.

तर मी पुन्हा बाकावर बसतो! सकाळी रंगीत पाणी ओततो. लाल, हिरवं. दुपारी ग्लास धुतो. वर्गात एकाने मुद्दाम मला डिवचलं, मी सांडलं. शेजारच्याने फडकं दिलं. पुन्हा ओतलं.

आता खरी बातमी. काल दुपारी मोजपट्टीने आतून हाक मारली, "इंजिनिअर, तुझं गिऱ्हाईक आलंय." मी ओल्या हाताने बाहेर आलो. स्टुलावर बाबा.

प्यायला काय, तर लिंबू-सोडा. मोजपट्टी बाजूला झाली आणि मला आत सरकवलं. वस्ताद नेमके तेव्हाच बर्फ बघायला मागे गेले, फ्रीज पुढे असताना. मी फडकं घेतलं, बाबांसमोरचा काउंटर पुसला, ग्लास ठेवला, वर बघितलं. साखरेचा पाक चोचीच्या बाटलीतूनच ओततात. एक, दोन, तीन. बाबा म्हणाले, "जेवतोस का वेळेवर?" चार. तोडली.

थेंबभर इकडेतिकडे नाही, आत्या. मोजपट्टीने बघितलं, विचार हवं तर.

बाबांनी अर्धा ग्लास प्यायला आणि कान टवकारले. "दोन सेकंद मागे पडतंय," म्हणाले. खिशातून तो बारका पेचकस काढला आणि तिथेच, काउंटरवर, घड्याळ उघडून बसले. मी लिंबं चिरत राहिलो.

मोजपट्टीने सर्टिफिकेट फ्रेम केलंय. काउंटरमागे लावलंय, जरा वाकडं.

तिला मी अजून काही विचारलेलं नाही. चारपर्यंत मोजतोय. सध्या तीनवर आहे.

तुझा,
माचिस


८ मे

प्रिय माचिस,

तीनवर फार वेळ थांबू नकोस, ग्लास भरून वाहतो.

तुझा बाप तुझ्याकडून परत आला तो थेट माझ्याकडे. चहा घेतला नाही, बसला नाही. स्टूल ओढलं आणि माझ्या घरातलं एकेक घड्याळ उतरवून बरोबर केलं. इतकी वर्षं मी त्याला हात लावू दिला नव्हता. या वेळी अडवायचं सुचलंच नाही, कारण तो गुणगुणत होता. तो गुणगुणतो हेच मी विसरले होते.

जाताना दारात म्हणाला, "पोराचा हात चांगला आहे." मी म्हटलं, हे त्याला लिही. म्हणाला, "घड्याळ बरोबर केलंय ना, कळेल त्याला."

आता मला रोज कामावर दहा मिनिटं उशीर होतो. खिडकीपुढची रांग ओरडते. मी कुणाला काही सांगत नाही. समोरची फळी पुसते, बाटली ठेवते आणि मग वर बघते.

तुझी,
आत्या